बाग सेवनियाचा गुडघा

मी लोकांचे गुडघे बघते. सकाळी नऊ ते एक, फोनवर, खुर्चीत बसून. या वयात या कामाचा पगार मिळतो हे माझ्या शेजारणीला अजून पटत नाही. ती म्हणते, "सिंधूबाई, गुडघे तर माझेही आहेत. बघा आणि द्या काहीतरी."

त्याआधी मी त्याच हाडांच्या हॉस्पिटलात आया होते. भोपाळच्या अरेरा कॉलनीत आहे, नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात करायला मला कोणी सांगितलेलं नाही. माझं शिक्षण चौथी. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून अकोल्याहून आले, तो गेल्यावर इथेच राहिले. आयाच्या कामाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भांडं द्यायचं, भांडं घ्यायचं, पुसायचं, चादर बदलायची, माणूस उभा करायचा. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली. ती बोचते.

मग त्यांनीच परत बोलावलं. का बोलावलं हे समजायला गुडघ्याची भानगड समजली पाहिजे.

लोकांना वाटतं गुडघा बदलला की झालं. डॉक्टर नवा गुडघा बसवून मोकळा होतो. तो वाकवायचा पेशंटने, घरी, रोज. आणि ते दुखतं. ज्याला दुखत नाही तो एक तर खोटं बोलतो किंवा वाकवत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला नाही तर आतलं मांस धरून बसतं आणि पाय ओंडक्यासारखा सरळ राहतो. मग माणसाला परत थिएटरात न्यायचं, भूल द्यायची आणि डॉक्टरने जोर लावून वाकवायचा. तेव्हा आतून जो आवाज येतो तो मी दाराबाहेर उभं राहून ऐकला आहे.

पूर्वी पेशंट घरी गेला की गेला. वाकवला तर वाकवला. आता सगळं मोबाईलवर आलं. रोज सकाळी पेशंटला मेसेज जातो. दुखणं किती, शून्य ते दहात आकडा दाबा. टाक्यांचा फोटो पाठवा. खुर्चीत बसून पाय मागे घ्या, त्याचा व्हिडिओ पाठवा. टाच खुर्चीच्या पुढच्या पायाच्या मागे गेली की काटकोन झाला, म्हणजे जमलं. हॉस्पिटलात नेहा मॅडमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक पेशंटचं नाव हिरवं, पिवळं किंवा लाल होतं. लाल झालं की धावायचं. नेहा मॅडम म्हणजे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण. चांगली मुलगी आहे, पण लवकर घाबरते.

मशीन चांगलं होतं. माणसं वाईट होती. चौकातले एक कापडवाले शेठ रोज दहा दाबायचे. त्यांचं नाव रोज लाल. फोन केला तर म्हणाले, "अरे बेटा, एकदम बढ़िया है, इसीलिए तो पूरे नंबर दिए." कोणी टाक्यांच्या फोटोऐवजी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवायचं. तुलसी नगरच्या मिश्राबाई, मंत्रालयातून रिटायर झालेल्या, त्यांच्या फोटोत एक दिवस टाक्यांशेजारी काळा डाग दिसला. मांस मेलं की काय म्हणून नेहा मॅडमने ॲम्ब्युलन्सच पाठवली. ती काजळाची तीट होती. मिश्राबाई म्हणाल्या, "फोटो इतने अनजान लोगों के पास जाता है, नज़र नहीं लगेगी?"

तेव्हा मला बोलावलं. हुशारीसाठी नाही. वॉर्डात पेशंट मला घाबरायचे, म्हणून. नेहा मॅडम म्हणाली, "मौसी, कुछ नहीं करना है. वीडियो कॉल लगाना है, और जैसे वॉर्ड में डाँटती थीं, वैसे ही डाँटना है." मी म्हटलं, त्याचे वेगळे पैसे लागतील. मिळाले.

फोनवरून माणूस बघणं आणि समोर बघणं यात फरक आहे. फोनवर लोक सजून बसतात. पायाचं ऑपरेशन झालेला माणूस केस विंचरून, पावडर लावून, मागे देवाचा फोटो येईल असा बसतो आणि विचारलं कसं आहे, तर म्हणतो मजेत. भोपाळमध्ये कोणीही कोणालाही मजेतच असल्याचं सांगतं. म्हणून मी कसं आहे हे विचारतच नाही. दाखवा म्हणते. सुरुवातीला बायका दाखवायच्या नाहीत. मिश्राबाई म्हणाल्या, "आपके पीछे कोई आदमी खड़ा होगा तो?" मग मी साडी वर करून आधी माझा गुडघा दाखवला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपका तो हमसे भी गया-गुज़रा है." त्या दिवसापासून त्यांचं माझं जमलं.

आता अण्णांकडे येते. दामोदर पिंपळखरे, बाग सेवनियाला राहतात, कारखान्यातून निवृत्त फोरमन. मला म्हणाले, लिहा खुशाल, फक्त आडनाव नीट लिहा, लोक पिंपळकर करतात. कारखान्यापेक्षा त्यांना सगळे ओळखतात ते मराठी मंडळाच्या नाटकांमुळे. दर वर्षी नाटक बसवायचं तर अण्णांनी. स्वतः कधी स्टेजवर गेले नाहीत. अंधारात खुर्ची टाकून बसायचे आणि लोकांना ओरडायचे. त्यांच्या बायकोने, मालतीवहिनींनी, रंगवायचं. चेहरे रंगवण्यात त्यांचा हात भोपाळमध्ये कोणी धरू शकत नाही. आणि हीरो नेहमी बापट. बापट म्हणजे त्यांचे शेजारी आणि जन्माचे मित्र. सत्तरीचा माणूस, रोज सकाळी चालतो, अंगाला मांस नाही, पाय अजून पोरासारखे.

अण्णांचा उजवा गुडघा बदलला. त्या दिवसांत वॉर्डात माणसं कमी होती, म्हणून त्यांचं सगळं मीच केलं. पण त्यांचं हृदय कमकुवत होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं आणि माझ्यासमोर अण्णांना बजावलं, "एकदा देतोय. परत द्यायची वेळ माझ्यावर आणू नका. आणलीत तर मी शब्द देणार नाही." म्हणजे इतरांनी नाही वाकवला तर पाय जातो, अण्णांनी नाही वाकवला तर कदाचित अण्णाच. हे त्यांना माहीत होतं. मालतीवहिनींना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

म्हणून त्यांच्या व्हिडिओची मी रोज आधी वाट बघायची. आणि काय व्हिडिओ यायचे. पहिल्या काही दिवसांत पाय जरा जरा मागे. मग आणखी. मग टाच खुर्चीच्या पायामागे. मग तर पार खुर्चीखाली. उजव्या गुडघ्यावर उभी लांब जखम, दोन्ही बाजूंनी टाक्यांचे ठिपके, जखम दिवसागणिक फिकट होत चाललेली. चेहरा दिसायचा नाही, पण आवाज अण्णांचा. वेदनेने भरलेला, मधे थांबणारा, परत उचलणारा. नेहा मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या नाही आलं, पण मीही म्हटलं, माणूस जिद्दी आहे.

नेहा मॅडमने काय करावं? तो व्हिडिओ, नाव न सांगता, सगळ्या पेशंटना पाठवला. खाली लिहिलं, बाग सेवनियाचे एक आजोबा करू शकतात तर तुम्ही का नाही.

झालं. सगळ्या भोपाळचे गुडघे पेटले. कापडवाले शेठ मुलाला पाय धरायला लावून वाकवायला लागले. मिश्राबाई मला रोज विचारायच्या, "सेवनिया वाले का आज कितना हुआ?" मी सांगायची, पूर्ण खुर्चीखाली. "तो हम क्या सरकारी नौकरी में घास छील रहे थे?" आणि कुंथत कुंथत पाय मागे घ्यायच्या. मीही लोकांना त्या गुडघ्याचं नाव घेऊन रागवायची. लाल नावं पिवळी झाली, पिवळी हिरवी झाली. इतकं चांगलं काम त्या हॉस्पिटलात कधी झालं नव्हतं.

मग मिश्राबाईंनीच हट्ट धरला की त्या माणसाला प्रत्यक्ष बघायचं. नेहा मॅडमलाही कल्पना आवडली. सगळ्या पेशंटचा एकत्र व्हिडिओ कॉल, अण्णा सगळ्यांसमोर गुडघा वाकवून दाखवतील. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "नको हो बाई, कशाला." मी म्हटलं, "लोक तुमची वाट बघतायत." मग म्हणाले, "फक्त पाय दाखवीन. चेहरा नको. मला स्टेजची सवय नाही." मला वाटलं, लाजतात.

ठरल्या दिवशी सकाळी स्क्रीनवर सगळे चौकोन भरले. शेठ सहकुटुंब. मिश्राबाई लिपस्टिक लावून. अण्णांच्या चौकोनात खुर्ची, एक लेंगा मांडीपर्यंत गुंडाळलेला आणि तो प्रसिद्ध गुडघा. नेहा मॅडमने छोटं भाषण केलं. मग अण्णांचा आवाज आला, "सुरू करतो." पाय हळूहळू मागे जायला लागला. "आ... आई... सहन होत नाही, पण करायलाच हवं..." सगळे श्वास रोखून. शेठच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात गुडघ्यावर डास बसला.

आमच्या भोपाळचा डास. टाक्यांच्या बरोब्बर मधोमध बसला. वरून हात आला आणि त्या गुडघ्यावर सणसणीत चापट बसली. नवीन गुडघ्यावर, उघड्या जखमेवर. जिथे पांघरूण लागलं तरी माणूस किंचाळतो, तिथे. आणि वरून हू नाही की चू नाही. मग त्याच हाताने तिथे खसाखसा खाजवलं. टाके पुसले गेले. जखम अर्धी हाताला आली.

मग अण्णांचा आवाज आला, चुकलेल्या जागी, "आई आई गं."

आणि दुसरा आवाज, अगदी कुजबुजून, "अण्णा, उशीर झाला."

मिश्राबाई सगळ्यांत आधी सावरल्या. "ये टाँग किसकी है?" मी म्हटलं, "कॅमेरा वर करा." वर केला. खुर्चीत बापट बसलेले, हातावर जखमेचा रंग. मागे मालतीवहिनी, हातात ब्रश. बाजूला पलंगावर अण्णा, कागद धरून. वाचून बोलत होते.

मला हसू आवरेना. वॉर्डात इतकी वर्षं काढली, मेलेली माणसं बघितली, मला हसू असं येत नाही. त्या दिवशी खुर्चीवरून पडायची वेळ आली. शेठ हसले, शेठची बायको डोळे पुसता पुसता हसली. फक्त नेहा मॅडम पांढरी पडली, कारण तो व्हिडिओ सगळीकडे तिनेच पाठवला होता. आणि मिश्राबाई चिडल्या. "मतलब इतने दिन हम बिना ऑपरेशन वाले से मुकाबला कर रहे थे?" मग खाली स्वतःच्या पायाकडे बघून म्हणाल्या, "और बराबरी पर आ गए थे."

कॉल संपल्यावर मी अण्णांना एकट्याला लावला. हसणं संपलं होतं.

"आता खरा दाखवा."

"नको."

"अण्णा, मी तुम्हाला अंघोळ घातलेली आहे. माझ्यापासून काय लपवता?"

चादर बाजूला केली. गुडघा सुजलेला, पाय सरळ. वाकवा म्हटलं तर दार फटीएवढं उघडावं तेवढा वाकला. मी विचारलं, असं का केलंत. ते म्हणाले, घरी आल्यावर पहिल्याच दिवशी वाकवला तेव्हा आत काहीतरी कचकन वाजलं. "मला वाटलं तुटलं. मी असा ओरडलो की मालतीला घेरी आली. मग हातच लावला नाही. रोज मेसेज यायचा, व्हिडिओ पाठवा. काय पाठवू? मी म्हटलं, दोन दिवस बापटचा पाठवू, मग माझा. पण मग तो चांगला व्हायला लागला, सिंधूबाई. जखम कशी भरत न्यायची हे मालतीने इतकं सुंदर ठरवलं होतं."

"त्या सुंदर जखमेमुळे तुम्हाला परत भूल द्यावी लागणार आहे."

"माहीत आहे."

"जगायचंय ना?"

"हो."

"मग वाकवा."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आणलं. ऑपरेशन केलेल्या मोठ्या डॉक्टरांनी कोन मोजायची पट्टी गुडघ्याला लावली आणि कॅलेंडर बघितलं. म्हणाले, पुढल्या सोमवारी थिएटर ठेवतो. रविवारी सकाळी काटकोन झालेला दाखवलात तर रद्द. मग मालतीवहिनींकडे वळून म्हणाले, नाही झाला तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी भेटून घ्या. आणि एक नवा नियम निघाला, जो आजही आमच्याकडे आहे. व्हिडिओत गुडघा आणि चेहरा एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. सगळ्या भोपाळचे म्हातारे आज त्याच्यामुळे फोन स्टूलावर ठेवून लांब जातात आणि अण्णांना शिव्या देतात.

तो आठवडा मी विसरणार नाही. मिश्राबाई म्हणाल्या, हा माणूस आम्हाला रोज दिसला पाहिजे, आम्ही बघणार. म्हणून रोज सकाळी एकत्र कॉल. अण्णांना वाकवायला सांगितलं की ते डोळे मिटायचे. पण दुसरं कोणी चुकीचं करताना दिसलं की डोळे उघडायचे. "शेठजी, घाई नको, टाच सरकवा, फेकू नका. मिश्राजी, श्वास सोडा, मग पाय." सवय जाते कुठे. मिश्राबाई लगेच म्हणायच्या, "आप करके बताइए, हमें समझ में नहीं आता." त्यांना चांगलं समजत होतं. मग अण्णांना करून दाखवावं लागायचं. ओरडायचे. खरं ओरडणं वेगळंच होतं, जोरात, घाणेरडं, त्यात कुठे थांबणं नाही, उचलणं नाही. शेठ म्हणाले, "पहले वाला ज़्यादा अच्छा था." अण्णा वेदनेतही चिडले, "वो लिखा हुआ था."

पाय रोज थोडा मागे जायचा. शनिवारी टाच खुर्चीच्या पायाशी आली आणि तिथेच अडली. बोटभर कमी. त्या दिवशी मिश्राबाईसुद्धा टोमणा मारायला विसरल्या.

रविवारी मी नेहा मॅडमच्या खोलीत बसले. मॅडम मागे उभी, मोठ्या डॉक्टरांना सांगायला हातात फोन. बापटांना घरात यायला बंदी होती, संशय नको म्हणून. ते बाहेर जिन्यावर बसले होते. मालतीवहिनींना बघवत नव्हतं, त्या स्वयंपाकघरात दार लावून. अण्णा एकटे. फोन कुकरला टेकवून ठेवलेला, चेहरा आणि गुडघा दोन्ही दिसतील असा लांब.

त्यांनी खुर्चीचे हात धरले. पाय मागे घेतला. टाच खुर्चीच्या पायाशी आली, अडली. ते ओरडले नाहीत. तोंड उघडं राहिलं, मान मागे गेली, कपाळाच्या शिरा मला तिथून दिसत होत्या. पाय हलेना. मग काहीतरी हललं, आणि त्याच वेळी कुकर सरकला आणि फोन उताणा पडला.

आम्हाला पंखा दिसला. छताचा पंखा, गरगर फिरणारा. आणि अण्णांचा आवाज, असा की स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि जिन्यावरून बापट धावत वर आले, तेही ऐकू आलं. मग सगळं शांत.

फोन कोणीतरी उचलला. अण्णांचा चेहरा आला, घामाने भिजलेला, लाल, हसरा. "गेली, बाई. मागे गेली. बघितलंत?"

नेहा मॅडमने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "मौसी, हो गया होगा. बोल दूँ सर को?"

मी म्हटलं, "अण्णा, पंखा दिसला. गुडघा नाही दिसला."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"पुन्हा करा."

"बाई, तुम्ही माणूस आहात का?"

"आहे. फोन वहिनींकडे द्या. बापटांना खोलीबाहेर काढा. पुन्हा करा."

बापट बाहेर गेले. मालतीवहिनींनी फोन धरला, खुर्ची, पाय, चेहरा, सगळं एका चौकटीत. अण्णांनी पुन्हा खुर्चीचे हात धरले. यावेळी ते पहिल्यापासून ओरडले, मला उद्देशून, अकोल्यापर्यंत ऐकू जाईल असं, जे मी इथे लिहिणार नाही. टाच पायाशी आली, अडली नाही, मागे गेली. खुर्चीच्या पायामागे, स्पष्ट, चांगली दोन बोटं.

"दिसला?"

"दिसला."

नेहा मॅडम फोनवर थिएटर रद्द करायला सांगत होती आणि रडत होती. मालतीवहिनींनी फोन पलंगावर टाकून दिला, आम्हाला परत पंखा. त्याच्यामागून अण्णा म्हणाले, "म्हणजे आता झालं ना?"

"झालं," मी म्हटलं. "उद्या नऊला परत."

त्यांनी फोन कापला. मी मिश्राबाईंना लावला. त्या तासाभरापासून हातात फोन धरून बसल्या होत्या.